घोडे, मोटार आणि मागचे घर

बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि पुढे झाला की जू बैलांच्या मानेवर दाबते, हे खेड्यातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. ब्रिटनमधील हौशी प्रवाशांना मात्र हेच शिकायला बरीच वर्षे लागली.

१८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून केवळ सहलीसाठी चाकांवरचे घर बांधून घेतले. त्याचे नाव ‘वाँडरर’. दोन घोडे जुंपून ते दक्षिण इंग्लंडमधील ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. तेव्हा क्षमतेचा हिशोब सोपा होता. घोडा दमला की थांबतो, आणि चढ मोठा असला की जादा घोडा जोडता येतो.

१९१९ साली बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची कॅरॅव्हॅन विक्रीस आणली आणि प्रश्न बदलला. मोटार दमल्याचे सांगत नाही. सुरुवातीला सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे होते : इंजिन हे ओझे चढावर ओढेल का? पुढे युरोपात याची चाचणीच ठरली. १२ टक्के चढावर भरलेल्या जोडगाडीला पाच मिनिटांत पाच वेळा थांब्यातून निघता आले पाहिजे. मोटार १४०० किलोग्रॅम आणि कॅरॅव्हॅन ११९० किलोग्रॅम धरली, तर त्या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३०५० न्यूटन बल लागते. एकट्या मोटारीला १६५० न्यूटन पुरतात. क्लच का जळतो ते येथे कळते.

वरचा ११९० हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. तो १४०० च्या ८५ टक्के आहे. नवशिक्याने भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला तेथील कॅरॅव्हॅन संघटना देत आल्या आहेत. हा कायदा नव्हे. उत्पादकाने मोटारीवरील पट्टीत छापलेली मर्यादा वेगळी असते आणि ती मात्र ओलांडता येत नाही. पट्टीवर जोडगाडीचे एकूण कमाल वजन ३२०० आणि मोटारीचे कमाल १९०० असेल, तर पूर्ण भरलेल्या मोटारीमागे १३०० किलोग्रॅमच उरतात. मुले, तंबू, पाण्याचे डबे हे सर्व या हिशोबात येते. घरच्या अंदाजाने ते नेहमी कमीच भरते. म्हणून जाणकार लोक सामान भरून सरळ वजनकाट्यावर जातात.

पण ओढण्याची ताकद हा प्रश्नाचा निम्माच भाग. खरा धोका सपाट, मोकळ्या रस्त्यावर असतो. बाजूने वाऱ्याचा झोत किंवा मोठ्या ट्रकचा धक्का बसला की कॅरॅव्हॅन हुकाभोवती डावी-उजवीकडे झुलू लागते. कमी वेगात टायर हे झोके शमवतात. वेग वाढतो तसे शमन घटते आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. त्याला लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढच्या गतीतूनच मिळते. अशा वेळी जोराने ब्रेक मारणे किंवा चाक झटकन फिरवणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून चाक सरळ धरणे, एवढेच चालकाच्या हाती असते. मागच्या आसनावर मुले असताना हे सुचणे कठीण, हे आम्ही मान्य करतो.

बाथ विद्यापीठातील डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी खऱ्या आकाराची, हवी तशी बदलता येणारी कॅरॅव्हॅन घेऊन प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. केवळ वस्तुमान वाढवल्याने वेगातील स्थैर्य फारसे बदलले नाही! मोठा परिणाम झाला तो जडत्व आघूर्णाचा, आसाच्या जागेचा आणि हुकावर पडणाऱ्या वजनाचा. हे शेवटचे वजन कॅरॅव्हॅनच्या ५ ते ७ टक्के असावे, असा व्यवहारातला नियम आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ६० ते ८३ किलोग्रॅम. मोटारीच्या हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल, तर ती पाळायची.

जडत्व आघूर्ण वर्गात असे समजावता येईल. २० किलोग्रॅमच्या दोन पिशव्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर दोन बाजूंना ठेवल्या, तर त्यांचे आघूर्ण १० एकके (किलोग्रॅम-मीटर वर्ग) होते. त्याच दोन टोकांना अडीच मीटरवर नेल्या तर २५०. वजनकाटा दोन्ही वेळा तेच दाखवतो.