मधल्या सुट्टीचा गोंगाट

शाळेच्या वेळापत्रकात विसाव्याला एकच जागा असते, मधली सुट्टी. अनेक स्वमग्न मुलांना नेमकी तीच सोसत नाही. अलिबाग-मुरुड-श्रीवर्धन किनाऱ्यावरची जिल्हा परिषदेची लहान शाळा आठवा: दोन-तीन खोल्या, पुढे व्हरांडा, खिचडीच्या रांगेतला ताटांचा खणखणाट, वर पत्र्यावर कोसळणारा आषाढ. हे सगळे आवाज ज्याच्या कानांवर एकदम आदळतात, ते मूल कान झाकून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसते. शाळेच्या भाषेत ते ‘वर्गातून पळाले’.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातही मोठ्या आवाजांची धास्ती नोंदवलेली आहे. त्यावरचा एक उपाय पुढे सुचला तो डॉक्टरांना नव्हे, एका विद्यार्थिनीला. १९६०च्या दशकात टेंपल ग्रँडिन यांनी ॲरिझोनातल्या रँचवर पाहिले, की दोन्ही बाजूंनी दाबून धरले की काही गुरे शांत होतात. तसे यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवले. मानसतज्ज्ञांना ते विचित्र वाटले. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र त्यामागचे कारण शोधायला लावले. (असा एक शिक्षक भेटणे, हेच मोठे भाग्य.) पुढच्या दशकात नेदरलँड्समधल्या संस्थांत मंद उजेडाच्या, मऊ गाद्यांच्या खोल्या आल्या.

आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पक्के झाले. त्याच कायद्याने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे शाळेवर बंधनकारक केले. आपण त्याचा अर्थ परीक्षेपुरता घेतला: लेखनिक, जादा वेळ. उरलेल्या दिवसांचे काय? २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. पण जिथे एकच शिक्षक अनेक शाळा फिरतो, तिथे मुलाची घालमेल त्याच्या भेटीच्या वारापर्यंत थांबत नाही.

त्यामुळे हे काम वर्गशिक्षकांचेच आहे, आणि त्याला परदेशी खोली लागत नाही. व्हरांड्याच्या टोकाला चटई, आडोशाला पडदा, आणि बोलणे जमत नसेल तेव्हा दाखवायला एक कार्ड. मात्र ती जागा शिक्षेची कोठडी होता कामा नये; असल्या खोल्यांचा तसा वापर परदेशात झालेला आहे. दार असेल तर कडी बाहेरून नको. कुणाला दहा मिनिटे पुरतील, कुणाला अर्धा तास. तेवढ्यासाठी हजेरीपटावर गैरहजेरी लागू नये.