कुळाची वाट काळीतून

२०२३च्या सप्टेंबरात राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरते आणि मग राज्यभर, मराठा कुटुंबांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून, जुन्या कागदांत 'कुणबी' ही नोंद शोधण्याचे काम सुरू झाले. त्या दिवसांत आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या मंचरच्या बाजारात बटाट्याच्या भावाइतकीच चर्चा कडईपत्रक, कोतवाल बुक अशा जुन्या गावदप्तरांची होती. घोडेगावच्या तहसीलला जाऊन आलेले लोक पिशवीतून झेरॉक्स काढून एकमेकांना दाखवत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, "आबा, तुमच्या पणजोबांचं नाव काय?" त्यांनी लगेच सांगितले. "आणि त्यांच्या वडिलांचं?" आबा थांबले. म्हणाले, "ते आमच्या म्हातारीला ठावं व्हतं."

बहुतेक घरांत असेच होते. श्राद्धाच्या संकल्पातही वडील, आजोबा, पणजोबा एवढ्याच तीन पिढ्यांचा उच्चार होतो आणि शेतकऱ्याच्या घरची आठवणही साधारण तिथेच थांबते. त्यापलीकडे जायचे तर कागद लागतो. कागद आहेतही, आणि बऱ्याच जणांना वाटते त्याहून जास्त आहेत. मात्र ते माणसाच्या नावाने लावून ठेवलेले नाहीत, रानाच्या नावाने लावलेले आहेत. ही एक गोष्ट ध्यानात आली की अर्धे काम सोपे होते.

इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचे वंशज पूर्वज शोधतात तेव्हा त्यांची वाट निराळी असते. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढले की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहावे. जोडीला मृत्युपत्रे. १८५८पर्यंत ती चर्चच्याच न्यायालयांत नोंदली जात. साधा शेतकरीसुद्धा मरताना लिहून ठेवी, की थोरल्याला गाडी आणि नांगर, बायकोला पलंग, धाकटीला एक गाय. तिथे जन्मलेल्या जीवाची नोंद धर्माने ठेवली, म्हणून वंश शोधणारा माणसाचे बोट धरून मागे जातो.

आपल्याकडे कुणब्याने मृत्युपत्र लिहिण्याची वेळच सहसा येत नसे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मानेच लागे, आणि वाटणी झाली तर चार माणसांत बांध घालून होई. मेल्यानंतर कोणाला काय हे सांगायला कागद कशाला? सरकारला मात्र कागद हवा होता, कारण सारा कोण भरणार हे त्याला कळायला हवे होते. शेतकऱ्याचे नाव आपल्या इतिहासात टिकले ते त्या साऱ्यामुळे.

'कूळ' या शब्दाची कथा हीच आहे. मुळात कूळ म्हणजे घराणे, वंश. कुळाचा देव तो कुलदैवत, कुळाचा आचार तो कुळाचार. पण देशावरच्या दप्तरात कूळ म्हणजे सारा भरणारा कास्तकार झाला. कुळवार वसुली म्हणजे प्रत्येक खातेदाराकडून वेगळी वसुली, कुळवाडी म्हणजे शेती करणारा, आणि कुळांचे करण, म्हणजे हिशेबाचे दप्तर, सांभाळणारा तो कुलकर्णी. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, शिवनेरीवर जन्मलेल्या राजाला महात्मा फुल्यांनी १८६९च्या पवाड्यात 'कुळवाडीभूषण' म्हटले, ते याच अर्थाने. विसाव्या शतकात शब्द आणखी सरकला. १९४८च्या कूळ कायद्यात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले गेले. पुष्कळ घरांत त्या कायद्याच्या '३२ ग' कलमाचे कागद अजून ट्रंकेत, हळदीकुंकू लावून ठेवलेले सापडतात. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या लोकांची रानं कसली, त्यांचे नाव मालकाच्या रकान्यात पहिल्यांदा याच कागदाने आणले. वंशापासून निघालेला शब्द फिरून फिरून जमिनीवर आला आणि तिथेच राहिला.

आता प्रत्यक्ष वाट. सुरुवात सातबाऱ्यापासून, पण संगणकाच्या सातबाऱ्यापासून नको. त्यावर आजचे मालक तेवढे दिसतात. हाताने लिहिलेला जुना सातबारा काढा. त्यावर गेलेल्या माणसाचे नाव कंसात टाकलेले असते आणि शेजारी एका लहानशा वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. त्या नंबरचा फेरफार काढला की मजकूर येतो: खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांस वारस मुलगा, मुलगा, मुलगी, विधवा, याशिवाय इतर वारस नाहीत, असा जबाब दिल्यावरून नोंद केली. खाली तलाठ्याचे अक्षर, सर्कलचा 'मंजूर' असा शेरा, आणि जबाब देणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा. शाई विटून तपकिरी झालेली असते, पण अंगठ्याच्या रेषा काही वेळा इतक्या स्वच्छ उठलेल्या असतात की बोट ठेवावेसे वाटते. एका वर्तुळातून मागच्या वर्तुळात असे जात राहिले की आपण पाहता पाहता हक्कनोंदीच्या पहिल्या वहीपाशी येतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा.

इथे काही अक्षरे माहीत असावी लागतात. 'ए. कु. मॅ.' दिसले की थांबायचे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव लागलेले असते आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांमागे उभे असतात. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. बाप लवकर गेला, एवढी हकीकत त्यातून कळते. जमिनीचा नंबर एकदम तुटला, मागे काहीच लागेना, तर घाबरू नये. १९४७च्या कायद्याने तुकडेजोड झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्याचा मेळ एकत्रीकरणाच्या नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यात असतो आणि तो भूमी अभिलेख कचेरीत मागायचा. अनेकांची शोधमोहीम केवळ हा उतारा माहीत नसल्याने थांबलेली मी पाहिली आहे.

अजून मागे गेले की आडनाव गळून पडते. मग उरते ते 'राणू बिन कोंडाजी' अशा धर्तीचे नाव. बिन म्हणजे मुलगा, वलद म्हणजेही मुलगा. बाईच्या नावापुढे कोम, मर्द किंवा भ्रतार, आणि त्यापुढे नवऱ्याचे नाव. त्यात भ्रतार हा भर्तारचा आपला अपभ्रंश, बाकीचे सुलतानी अमलातल्या दप्तरातून आले आणि मराठी कुणब्याच्या नावाला चिकटून इंग्रजी अमलातही चालत राहिले. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे राणू बिन कोंडाजी, कोंडाजी बिन राणू, पुन्हा राणू बिन कोंडाजी अशी साखळी लागते. त्यातला कोणता राणू आपला, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. रान तेच आहे का, साऱ्याचा आकार तोच आहे का, बांधाला लागून कोण आहे, हे पाहावे लागते. जमीन हलत नाही, म्हणून माणूस सापडतो.

या टप्प्याला लिपी मोडी होते. शाळांतून मोडी गेली त्याला कित्येक दशके झाली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमधली जागा नाही. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू न उचलता अक्षरे लटकवत जायचे. वाचणारे थोडे आहेत आणि गठ्ठे फार. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खरोखरच कापडात बांधलेले कागद. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले वेचे पंचेचाळीस खंडांत छापले. त्यांत राजकारण, स्वाऱ्या, तह पुष्कळ आले. गावोगावच्या जमाखर्चातला कुणबी बहुतांशी रुमालातच राहिला.

वतनाचा तंटा झाला असेल तर मात्र भाग्य उजळले म्हणायचे. पाटीलकीसाठी दोन घरे भांडू लागली की दोघांकडून करीना घेतला जाई. करीना म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत: कोण कुठून आला, कोणी गाव वसवला, कोणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक गेला, कोण दुष्काळात परागंदा झाला. गोत जमे, साक्षी होत, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. त्या महजरावर कुणब्याची सही म्हणजे नांगराचे चित्र. चार रेघांत काढलेला, रुमण्यासकट. सुताराचे हत्यार वेगळे, चांभाराची आरी वेगळी, पण शेतकऱ्याची निशाणी नांगर. पुढे फेरफारावर त्याची जागा अंगठ्याने घेतली. मला नांगर अधिक आवडतो. अंगठा कोणाचाही असू शकतो, नांगरावरून निदान कळते की हा हात काय करत होता.

नांगराच्याही मागे थळझाडा, म्हणजे गावातल्या थळांची यादी, आहे. कर्नल साईक्स हा १८२४पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता. दख्खनच्या गावांत फिरून त्याने जुने थळझाडे पाहिले आणि त्यांवर सविस्तर लिहिले. गावाची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार घराण्याचे नाव असे. मालक बदलले तरी थळाचे नाव बदलत नसे. ज्या घराण्यात कोणी उरले नाही त्याच्या जमिनीला दप्तरात शब्द होता गतकुळ. गेलेले कूळ. माणसे गेली, नाव शेताला राहिले, आणि दुसऱ्याच कोणाचे बैल ते शेत नांगरीत राहिले. १६३०च्या दुष्काळानंतर अशी किती थळे ओस पडली असतील, याचा विचार केला की तो शब्द साधा वाटत नाही.

याच आंबेगाव तालुक्याने तो शब्द आपल्या हयातीतही पाहिला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि माळीण गाव गाडले गेले. दीडशेच्या घरात माणसे गेली, काही घरांत मागे कोणी राहिले नाही. आणि ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याची पांढर, म्हणजे वस्तीची जागा, गेली; काळी, म्हणजे शेतजमीन, गेली. कागद तेवढे उरले. तिथल्या घरांना आपले कूळ शोधायचे तर ते पाण्याखालच्या सर्व्हे नंबरांतूनच शोधावे लागते.

या वाटेत एक मोठी उणीव आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या नावावर जमीन, त्याचीच वाट सापडते. उपरी म्हणून आलेला, सालगडी म्हणून राबलेला, पश्चिमेच्या डोंगरात नाचणी-वरई पिकवणारा महादेव कोळी, यांची नावे या वह्यांत उशिरा आणि तुरळक येतात. आणि बाई तर प्रत्येक घरात हरवते. मुलगी म्हणून ती माहेरच्या उताऱ्यावर क्वचितच येई. सासरी येई ती विधवा झाल्यावर, कोणाची तरी कोम म्हणून. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, त्यानंतरच्या फेरफारांत बहिणींची नावे ओळीने दिसू लागली. पण पुष्कळदा पुढचाच फेरफार हक्कसोडपत्राचा असतो. नाव लागते ते काढून घेण्यासाठी. शंभर वर्षांच्या वहीत बहिणीला मिळालेल्या त्या दोन नोंदी मला नीट वाचवत नाहीत.

बायकांची नावे सापडतात ती दुसरीकडे. गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदी आहेत. आपल्याकडची चर्चच्या वहीला सर्वांत जवळची वही हीच. १९१८च्या मानमोडीच्या साथीची पाने जिथे टिकली आहेत तिथे एकेका घरातली किती माणसे गेली ते मोजता येते. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांकडे गावाचे नाव सांगितले की ते वही काढतात. तिच्यात यात्रेला आलेल्या पणजोबाच्या नावासोबत कधी त्याच्या आईचे, बायकोचेही नाव असते. शाळेच्या जनरल रजिस्टरातही आपल्या घरातली पहिली शाळेत गेलेली मुलगी भेटते.

कागदांना वाळवी लागते, पाणी लागते, आणि कचेरी एका इमारतीतून दुसरीत जाताना गठ्ठे गहाळ होतात. सरकारने पुष्कळ जुने अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवायला घेतले आहेत, ते चांगलेच झाले. पण आजीच्या सासूचे नाव तिथे सापडणार नाही. घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर येत्या रविवारी तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव, माहेरचे गाव, आणि आपल्या प्रत्येक शेताला घरात काय म्हणत ते नाव, एवढे लिहून घ्या आणि खाली तारीख टाका.