भिडू, बाद आणि कच्चं लिंबू

डोळे झाकून दहापर्यंत मोजायचे असेल तर कोरियातली मुले आकड्यांऐवजी एक वाक्य म्हणतात. त्याचा अर्थ, 'मुगुंगह्वाचे फूल फुलले'. मुगुंगह्वा हे जास्वंदीच्या कुळातले दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय फूल आणि मूळ कोरियन वाक्यात बरोबर दहा अक्षरे येतात. ज्याच्यावर राज्य असते तो पाठमोरा उभा राहून हे वाक्य म्हणतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी पुढे सरकायचे आणि तो वळला की जागच्या जागी थिजायचे. हलला तो बाद.

17 सप्टेंबर 2021 रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेच्या पहिल्या भागात हेच वाक्य एक अवाढव्य बाहुली म्हणते. समोर मोठ्या बक्षिसासाठी खेळायला आलेली, हिरव्या पोशाखातली 456 मोठी माणसे आहेत. एक जण हलतो, गोळी सुटते, तो पडतो. त्याच्याशी पैज लावलेल्या मित्राला ही थट्टाच वाटते. मग त्याला रक्त दिसते, तो वळून पळतो आणि तोही पडतो. दरवाजाकडे लोंढा फुटतो. डाव संपतो तेव्हा 255 माणसे मेलेली असतात. नियमात मात्र एका अक्षराचाही बदल झालेला नाही. हलला तो बाद, एवढेच ठरले होते आणि तेवढेच झाले.

जीवघेण्या खेळांच्या नाट्याचा अभ्यास करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी याच जागी उभे करतो. या मालिकेतल्या सर्वांत हादरवणाऱ्या क्षणांची यादी कोणीही करू शकतो. अभ्यासकाने विचारायचे ते वेगळे: हादरा बसण्याच्या क्षणभर आधी आपण कशावर विश्वास ठेवून बसलो होतो? माझे म्हणणे असे आहे की या नाट्यातला धक्का रक्तातून येत नाही. लहानपणी आपण मान्य केलेला नियम इथे शब्दशः पाळला जातो, आणि तो पाळला जाणे हेच सोसवत नाही.

या क्षेत्रात आपले मनापासून स्वागत आहे. इथे येण्यासाठी कोरियन भाषा यावी लागत नाही, चित्रपटशास्त्राची पदवीही लागत नाही. लहानपणी अंगणात खेळलेले असणे ही मोठी शिदोरी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: पुढे कथेतले काहीही राखून ठेवलेले नाही. कोण मरतो हे कळल्यावर ज्या दृश्यात काही उरत नाही, ते दृश्य अभ्यासाला घेण्याजोगे नसते. 'स्क्विड गेम'मधली उत्तम दृश्ये दुसऱ्यांदा पाहताना अधिक खोल लागतात.

ही परंपरा जुनी आहे. 1924 साली रिचर्ड कॉनेल यांनी माणसाचीच शिकार करणाऱ्या शिकाऱ्याची कथा लिहिली. अमेरिकेतल्या महामंदीत बक्षिसासाठी दिवसच्या दिवस नाचत राहण्याच्या स्पर्धा भरत. त्यांवर होरेस मॅकॉय यांची कादंबरी 1935 मध्ये आली आणि तिच्या शीर्षकातच घोडे मारण्याचा उल्लेख आहे. रॉबर्ट शेकली यांच्या 1958 च्या कथेवरून पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीने 1970 मध्ये एक चित्रपट दाखवला. त्यात एका माणसाने सात दिवस मारेकऱ्यांपासून निसटायचे आणि दहा लाख मार्क जिंकायचे होते. काही प्रेक्षकांना तो खरा कार्यक्रम वाटला आणि त्यांनी स्पर्धक होण्यासाठी अर्ज पाठवले. ही हकीकत मी कधी विसरू शकलेलो नाही.

जपानमध्ये या प्रकाराला आजचे रूप आले. कोउशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' 1999 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी किंजी फुकासाकू यांनी तिच्यावर चित्रपट केला. एका वर्गातली 42 मुले, एक बेट आणि शेवटी जगेल तो एकच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फुकासाकू पंधरा वर्षांचे होते, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेले होते आणि तोफमाऱ्यात मेलेल्या सोबत्यांचे मृतदेह त्यांनी उचलले होते. त्यांच्या चित्रपटातला मोठ्यांवरचा राग उसना नाही. 'स्क्विड गेम'चे लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी 2008 च्या सुमारास पैशांच्या ओढगस्तीत असताना या जातकुळीच्या जपानी चित्रकथा वाचून काढल्या. त्यांना एके काळी लॅपटॉपही विकावा लागला होता आणि 'स्क्विड गेम'ची कल्पना जवळजवळ दहा वर्षे कोणी उचलली नाही. जपानी कथांमध्ये डाव गुंतागुंतीचे असतात आणि नायक बुद्धीने जिंकतो. ह्वांग यांनी पाच वर्षांच्या मुलालाही समजतील असे खेळ निवडले. त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष नियम समजून घेण्यात अडकत नाही. ते सगळे माणसांच्या चेहऱ्यांवर राहते.

पहिल्या दिवसाच्या हत्याकांडापेक्षा दुसऱ्या भागातली घटना मला अधिक भयंकर वाटते आणि तिच्यात गोळीबार नाही. करारातल्या तिसऱ्या कलमानुसार बहुमत झाले तर खेळ थांबवता येतो. वाचलेल्या 201 जणांचे मतदान होते. 100 विरुद्ध 101. शेवटचे मत म्हाताऱ्या ओ इल-नामचे. खेळ थांबतो, सगळे घरी जातात. आणि मग त्यांतले 187 जण स्वतःच्या पायांनी परत येतात. या भागाचे नाव 'नरक' आहे आणि तो जवळजवळ सगळा बाहेरच्या जगात घडतो. आईच्या दवाखान्याला पैसे नसलेला सोंग गी-हुन, मालकाने महिनोन्‌महिने पगार थकवलेला पाकिस्तानी कामगार अली, अनाथाश्रमातल्या भावाला सोडवू पाहणारी उत्तर कोरियातून आलेली से-ब्योक. खेळाच्या बेटावर निदान नियम तरी सगळ्यांना सारखे आहेत, असे त्यांना वाटते. प्रेक्षकालाही दोन मिनिटे तसे वाटते, आणि खरा हादरा तो.

या परतण्यामागचा इतिहास वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 1997 च्या आर्थिक संकटाने कोरियातली कायमच्या नोकरीची कल्पना मोडली. मालिका आली तेव्हा तिथल्या कुटुंबांचे एकूण कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठे होते. गी-हुन ज्या 'ड्रॅगन मोटर्स'मधून निघाला, त्या नावामागे सांगयोंग मोटर ही खरी कंपनी आहे. सांगयोंग म्हणजे दोन ड्रॅगन. 2009 मध्ये सुमारे 2,600 कामगारांना काढण्याचे ठरल्यावर प्योंगटेकच्या कारखान्यात 77 दिवसांचा संप झाला आणि तो पोलिसी बळाने मोडला गेला. पाचव्या भागात रात्रीच्या पहाऱ्यावर गी-हुनला आपल्या डोळ्यांदेखत मेलेला सहकारी आठवतो, ती आठवण तिथली आहे. हीच सांगयोंग 2011 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाकडे आली आणि 2020 च्या डिसेंबरात पुन्हा दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

आता सहावा भाग. या एका भागावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा असे मला वाटते. त्याचे नाव 'क्कानबू'. गल्लीतल्या खेळात ज्याच्याशी आपल्या गोट्या आणि कागदी चकत्या सामाईक असतात तो मित्र, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यासाठी 'भिडू' हा तंतोतंत शब्द आहे. खेळाडूंना सांगितले जाते, जोड्या करा. प्रत्येक जण आपला सर्वांत जवळचा माणूस भिडू म्हणून निवडतो. मग कळते की या डावात भिडूविरुद्धच खेळायचे आहे. दहा-दहा गोट्या, ज्याच्याकडे सगळ्या वीस जातील तो जगेल. इथे कोणी फसवलेले नाही. भिडू एका संघात असतात हे गृहीत आपणच धरले होते.

त्यांतली एक जोडी सांग-वू आणि अली यांची; ते एकी-बेकी खेळतात. सोल विद्यापीठात शिकलेला सांग-वू हरत जातो आणि अलीच्या विश्वासाचाच पत्ता वापरतो. अली त्याला आधी 'साहेब' अशा अर्थाने संबोधत असे. मला 'ह्योंग' म्हण, असे सांग-वूनेच त्याला सांगितले होते. ह्योंग म्हणजे थोरला भाऊ, दादा. इंग्रजीत या हाकेला शब्द नाही, नाव घालून भागवावे लागते. मराठीत मात्र साहेबाचा दादा होणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. कोणी या भागाचे मराठी उपशीर्षक करणार असेल तर माझी विनंती आहे, तो 'दादा' गाळू नका. दिल्लीहून शिकायला कोरियात गेलेले अनुपम त्रिपाठी यांनी अली उभा केला आहे, आणि तो भोळा असूनही बावळट वाटत नाही हे त्यांच्या अभिनयाचे मोठे यश आहे.

त्याच आवारात दुसऱ्या जोडीतल्या दोन मुली खेळतच नाहीत, बोलत बसतात. शेवटी एकाच फेकीवर ठरवायचे म्हणतात आणि जी-योंग आपली गोटी हातातून तशीच खाली सोडते. वाचून ज्याच्याकडे जायचे असे आपल्याला कोणी नाही, असे तिचे साधे गणित आहे.

आणि हान मी-न्यो. तिला कोणी भिडू घेतच नाही. ती मरणार असे आपण धरून चालतो. पण ती जिवंत सापडते, कारण उरलेल्या दुबळ्या गड्याला टाकायचे नाही असाही लहान मुलांचा एक नियम आहे. कोरियात अशा गड्याला 'क्काक्तुगी' म्हणतात. हे मुळ्याच्या फोडींच्या आंबवलेल्या तोंडीलावण्याचे नाव. आपण म्हणतो, कच्चं लिंबू. दोन दूरच्या भाषांना या एकाच करुणेसाठी ताटातली आंबट गोष्टच सुचावी, याचा मला फार आनंद होतो. त्या कत्तलखान्यात हा नियमही पाळला जातो, म्हणून तिचे वाचणेही अंगावर येते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रानुसार मरण, युद्ध, राज्यनाश अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, सुचवावेत. ग्रीक नाटकातही वध बहुधा आत होतो आणि दूत येऊन सांगतो. 'स्क्विड गेम' जवळजवळ प्रत्येक मरण उघड दाखवते. इल-नामचे मात्र नाही. गी-हुनने त्याच्या विसराळूपणाचा फायदा घेऊन गोट्या जिंकल्या आहेत, म्हाताऱ्याला ते कळलेले आहे, तरी तो शेवटची गोटी त्याच्या हातात ठेवतो. कारण भिडूंमध्ये तुझे-माझे नसते. गी-हुन निघतो आणि मागून फक्त गोळीचा आवाज येतो. पहिल्यांदा पाहताना ही दिग्दर्शकाची अदब वाटते. नवव्या भागात कळते की इल-नाम मेलाच नव्हता आणि हा सगळा खेळ त्याचाच होता. जे दाखवले नाही ते आपणच मनात पूर्ण केले, त्यासाठी रडलोसुद्धा. औचित्याच्या एका जुन्या संकेताचा इतका धारदार वापर मी दूरचित्रवाणीवर दुसरा पाहिलेला नाही.

धक्का कोणाला किती बसणार हे संस्कारांवरही ठरते. नवव्या भागाच्या शीर्षकात 'नशीबवान दिवस' असे शब्द आहेत. ह्योन जिन-गोन यांच्या 1924 च्या कथेची ती आठवण आहे. त्या कथेत रिक्षा ओढणाऱ्याला दिवसभर भरपूर कमाई होते आणि घरी बायको मेलेली असते. कोरियन मुले ही कथा शाळेत वाचतात. म्हणून गी-हुन 4,560 कोटी वॉन जिंकून घरी येतो तेव्हा आईचे काय झाले असेल हे त्यांना शीर्षकातूनच उमगू शकते. बाकीचे जग दार उघडल्यावर हादरते.

सातव्या भागात मुखवटे घातलेले धनिक बघे येतात. त्यांचे संवाद लाकडी आहेत ही टीका मला मान्य आहे. पण ते बसतात तिथेच आपणही बसलेले असतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या मित्राची, अलिपियसची, हकीकत लिहून ठेवली आहे. मित्रांनी त्याला ओढत रोमन आखाड्यात नेले. तो डोळे मिटून बसला. गर्दीची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले आणि मग त्याला ते मिटवेनात. पहिल्या 28 दिवसांत जगाने ही मालिका 165 कोटी तास पाहिली. हा आकडा वाचताना मला नेहमी अलिपियस आठवतो.

2024 आणि 2025 च्या पुढच्या दोन पर्वांबद्दल माझे मत मिश्र आहे. प्रत्येक डावानंतर मतदान आणि जितके मेले तितका उरलेल्यांचा वाटा मोठा, ही रचना विलक्षण आहे. पण धक्के आधी कळू लागतात. अपवाद एका मातेचा. तिसऱ्या पर्वात गम-जा ही वृद्धा एका बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला वाचवण्यासाठी अंबाड्यातल्या काट्यात दडवलेले पाते आपल्याच मुलाच्या पाठीत खुपसते. तिथे कोणताही नियम तिला हे करायला सांगत नाही. या सबंध नाट्यप्रकारात इतका एकाकी क्षण मला दुसरा माहीत नाही. 2023 मध्ये नेटफ्लिक्सने 456 खऱ्या माणसांची स्पर्धाही भरवली. बाद झालेल्याच्या छातीवर शाईची पिशवी फुटे आणि तो खाली पडे. 1970 मध्ये अर्ज पाठवणाऱ्या त्या जर्मन प्रेक्षकांना अखेर जागा मिळाली.

सुरुवात कुठून करायची, असे विद्यार्थी विचारतात. मी सहावा भाग लावायला सांगतो. अलीच्या गळ्यात पुरचुंडी आहे, त्याच्या समजुतीप्रमाणे गोट्यांनी भरलेली. तो गल्लीबोळांतून सांग-वूला शोधतो आहे, 'ह्योंग' अशी हाक मारतो आहे. हाकांचा सूर कसा बदलत जातो ते कान देऊन ऐका आणि चित्र तिथेच थांबवा. पुरचुंडी अजून उघडलेली नाही.