दुधाची शीतसाखळी (कोल्हापूर जिल्हा)

दुधाची शीतसाखळी म्हणजे धार काढल्यापासून दूध ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत ते सलग थंड ठेवण्याची व्यवस्था. कोल्हापूर जिल्ह्यातील दूध मुंबई-पुण्यासारख्या दूरच्या बाजारपेठांत जात असल्याने तेथील सहकारी दुग्धव्यवसाय या व्यवस्थेवर अवलंबून आहे. 'गोकुळ' या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. वारणानगर येथील वारणा दूध संघ हा जिल्ह्यातील दुसरा मोठा संघ होय.

== शास्त्रीय आधार ==
धार काढताना दुधाचे तापमान सुमारे ३७° से. असते. या तापमानात जीवाणू झपाट्याने वाढतात आणि दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आम्लता वाढलेले दूध दिसायला चांगले असले, तरी तापवताच फाटते. सुमारे ४° से. तापमानात ही वाढ अतिशय मंदावते. मात्र जीवाणू मरत नाहीत. त्यासाठी पाश्चरीकरण करावे लागते.

== टप्पे ==
गावातील दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दूध संकलित करतात. ते संस्थेच्या बल्क कूलरमध्ये किंवा कॅनमधून शीतकरण केंद्रावर नेऊन थंड केले जाते. बल्क कूलर ही प्रशीतन यंत्रणा जोडलेली स्टेनलेस स्टीलची टाकी असते. तीतील फिरत्या पात्यांमुळे दूध सर्वत्र सारखे थंड होते. थंड दुधात तेवढेच ताजे कोमट दूध ओतल्यास मिश्रणाचे तापमान दोहोंच्या मध्यावर येते. उदाहरणार्थ, ४° आणि ३४° से. तापमानाच्या समान दुधाचे मिश्रण १९° से. होते. म्हणून कूलरची क्षमता दुसऱ्या वेळचे दूधही लवकर थंड करण्याइतकी असावी लागते. वीज खंडित झाल्यास जनित्राचा वापर करतात.

== वाहतूक ==
दुधाच्या टँकरमध्ये सहसा प्रशीतन यंत्र नसते. स्टीलच्या दोन थरांमध्ये उष्णतारोधक फोम भरलेला असतो. त्यामुळे टँकर दूध थंड करत नाही, आधीच थंड केलेल्या दुधाचे तापमान केवळ टिकवतो. कोमट दूध भरल्यास तोच फोम आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

पूर्ण भरलेल्या टँकरमधील दुधाचे वस्तुमान मोठे असल्याने उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासातही त्याचे तापमान हळूहळू वाढते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये तेवढ्याच उष्णतेने ते अधिक वाढते. शिवाय दूध हिंदकळून स्निग्धांश वेगळा होण्याचा संभव असतो.

== साखळी खंडित झाल्यास ==
डेअरीत उतरवून घेण्यापूर्वी दुधाचे तापमान व आम्लता तपासतात. आंबट किंवा नासके दूध कमी दराने घेतले जाते अथवा नाकारले जाते. टँकरमध्ये अनेक संस्थांचे दूध एकत्र असल्याने एका ठिकाणच्या दिरंगाईचा परिणाम इतरांच्या दुधावरही होतो. एकदा वाढलेली आम्लता दूध पुन्हा थंड केल्याने कमी होत नाही.

== धारोष्ण दूध ==
कोल्हापूर शहरात गंगावेस परिसरातील दूध कट्ट्यावर ग्राहकासमोर म्हशीची धार काढून दूध देण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तेथे उत्पादन आणि सेवन यांत अंतर नसल्याने शीतसाखळीची गरज भासत नाही. तथापि, ताज्या कच्च्या दुधातही रोगकारक जीवाणू असू शकतात. त्यामुळे ते उकळून पिणे सुरक्षित ठरते.