स्पोर्ट मोटरसायकलचं यंत्रशास्त्र : प्रस्तावना

स्पोर्ट बाइकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: टॉप किती मारते? दुसरा: बीएचपी किती? दोन्ही उत्तरं माहितीपत्रकात मिळतात, पण गाडी वळणात कशी वागेल याबद्दल ती फारसं काही सांगत नाहीत. हे पुस्तक त्या न सांगितलेल्या भागाविषयी आहे. वजन कुठे बसवलंय, दोन चाकांत अंतर किती, फोर्क किती कललेला, आणि यातलं एक बदललं की बाकीच्यांना कसं सरकावं लागतं, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

१९९८ ची यामाहा आर१ घ्या. ९९८ सीसी, ओळीत चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती, कोरडं वजन १७७ किलो. याहून जास्त ताकदीच्या गाड्या तेव्हाही होत्या. होंडाची ब्लॅकबर्ड त्यातलीच. आर१चं वेगळेपण गिअरबॉक्समध्ये होतं. कुनिहिको मिवा यांच्या चमूने गिअरबॉक्सचे शाफ्ट एकामागे एक न ठेवता वरखाली रचले. इंजिनाची लांबी घटली आणि वाचलेली जागा स्विंगआर्मला मिळाली. व्हीलबेस मात्र १३९५ मिलिमीटरच राहिला. स्विंगआर्म आखूड असला तर मागचं चाक वरखाली होताना त्याचा कोन झपाट्याने बदलतो आणि चेनच्या ओढीचा सस्पेन्शनवरचा परिणामही त्याबरोबर बदलत जातो. लांब आर्ममध्ये हा बदल सौम्य असतो. म्हणून वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला तरी मागची बाजू स्थिर राहते. शाफ्टची मांडणी ठरते इंजिनाच्या पोटात, पण तिचा परिणाम दिसतो मागच्या टायरवर. मला हा विषय प्रिय आहे तो या साखळीमुळे.

आखूड व्हीलबेसची किंमतही मोजावी लागते. जोरात ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांच्या गुणोत्तरावर ठरतं. अशा गाडीत मंदन साधारण एक ‘जी’च्या आसपास पोचलं की मागचं चाक उचलायला लागतं. डिस्क कितीही मोठी लावा, कोरड्या चांगल्या रस्त्यावर शेवटची मर्यादा भूमितीच घालते.

या गाड्यांचं गणित वयाने गाड्यांपेक्षा बरंच लहान आहे. डाइमलरची लाकडी सांगाड्याची मोटरसायकल १८८५ ची. रॉबिन शार्प यांचा स्थैर्यावरचा पायाभूत निबंध १९७१ चा. हँडलचं जलद थरथरणं आणि संपूर्ण गाडीचं संथ नागमोडी डोलणं ही दोन वेगळी कंपनं आहेत, हे त्यांच्या समीकरणांतून स्वच्छ दिसतं. त्यांनी आणखी एक दाखवलं: टायरचं बाजूचं बल क्षणात उभं राहत नाही, थोडं अंतर घरंगळल्यावर उभं राहतं, आणि हा उशीर हिशेबात धरल्याशिवाय थरथर नीट समजत नाही. पुस्तकातलं यावरचं प्रकरण कठीण आहे. पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल, मात्र नंतर त्याकडे जरूर या.

२००९ च्या आर१च्या क्रँकला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात चारही पिस्टन एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी वेग घेतात. त्यामुळे क्रँकच्या फिरण्यात जो चढउतार होतो, तो ज्वलनातून येणाऱ्या टॉर्कमध्ये मिसळतो. शर्यतीच्या एम१ गाडीवरून घेतलेल्या नव्या क्रँकवर पिना नव्वद अंशांनी वळवल्या आणि हा चढउतार बहुतांशी मिटला. मागच्या टायरला नेमका किती जोर पोचतोय, हे चालवणाऱ्याच्या मनगटाला अधिक स्पष्ट कळू लागलं. माझ्या मते अश्वशक्तीपलीकडे पाहायला शिकवणारा याहून चांगला धडा नाही.

बारावीचं भौतिकशास्त्र आणि थोडी त्रिकोणमिती एवढी तयारी पुरे. गॅरेजमध्ये हात काळे केलेल्यांना तर अर्धं पुस्तक ओळखीचंच वाटेल. केटीएमची ३७३ सीसीची आरसी ३९० चाकणच्या बजाज कारखान्यातून येते; तिच्यावर पुस्तकातली बरीच मापं घरी घेता येतात. सुरुवात ट्रेलपासून करा. फोर्क नव्हे, तर हँडल ज्या अक्षाभोवती वळतं ती रेषा जमिनीपर्यंत वाढवा, पुढच्या चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. १९९८ च्या आर१मध्ये ते ९२ मिलिमीटर होतं. मग कोणाला तरी गाडीवर बसवा आणि पुन्हा मोजा. सस्पेन्शन दबल्यावर आकडा का हलला, याचं उत्तर पहिल्या प्रकरणात आहे.