शालेय संगणक आणि मुख्याध्यापकांचे नेतृत्व

शाळेत संगणक आले की विद्यार्थ्यांची प्रगती आपोआप होते, ही समजूत पेरू देशाच्या अनुभवाने खोटी ठरविली आहे. तेथील शासनाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली ग्रामीण शाळांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप पुरविले. ३१९ शाळांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत त्यामुळे वाढ झाल्याचे आढळले नाही. यंत्रे पोहोचली, पण कोणता पाठ शिकविताना त्यांचा कसा उपयोग करावा, याचे पुरेसे मार्गदर्शन शिक्षकांना लाभले नव्हते.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील पाठांनाच क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. अर्थात, असा शिक्षक प्रत्येक शाळेला लाभत नाही. म्हणूनच मुख्याध्यापकांची जबाबदारी वाढते.

न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ विव्हियन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली शालेय नेतृत्वाविषयीची अनेक संशोधने एकत्र तपासली. नेतृत्वाच्या पाच अंगांपैकी एकाचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी सर्वाधिक संबंध दिसून आला : शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मुख्याध्यापकांनी चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे.

आपल्याकडे मात्र प्रशिक्षणाचे उद्घाटन करून मुख्याध्यापक कार्यालयात परततात. त्यांनी शिक्षकांच्या शेजारी बसून तोच पाठ संगणकावर तयार करावा, पुढील आठवड्यात वर्गात जाऊन तो पाहावा आणि मुलांना काय उमगले नाही याची शिक्षकांशी चर्चा करावी. संगणक खरेदीची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.