पालथं मडकं

मराठीत खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं जातं आणि पणजोबांचे वडील खापरपणजोबा होतात. अनुवाद करताना मात्र हा शब्द हमखास अडवतो. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. आणि खापर म्हणजे चुलीवर पालथं घालून ज्यावर मांडे, पुरणपोळ्या भाजतात ते मातीचं भांडंही. एक उकिरड्यावरचं, दुसरं सणासुदीचं. संस्कृत ‘खर्पर’पासून आलेल्या या शब्दात स्वयंपाकघरातला एक जुना व्यवहार साठला आहे: नेमकं साधन नसेल तर हाताशी असलेल्या वस्तूकडून ते काम करून घ्यायचं.

या व्यवहाराला वैदिक यज्ञातही जागा होती. पुरोडाश, म्हणजे तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाची जाड भाकरी, निखाऱ्यांवर मांडलेल्या ‘कपालां’वर भाजत. कपाल म्हणजे खापरीच. किती खापऱ्या मांडायच्या हे देवतेप्रमाणे ठरलेलं असे. अग्नीचा पुरोडाश आठ खापऱ्यांवरचा, म्हणून ‘अष्टाकपाल’; इंद्राग्नींचा ‘एकादशकपाल’. हविर्द्रव्याचं नावच ते कशावर भाजलं यावरून पडलं. मडक्याच्या तुकड्याला याहून मोठा मान क्वचितच मिळाला असेल.

पालथ्या भांड्याची गोष्ट थोडी निराळी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त ‘मंडक’ येतो. तोच आपला मांडा. मांड्याची कणीक सैल मळतात आणि ती पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवतात. एवढी मोठी, तलम पोळी सपाट तव्यावर मावणार नाही आणि टाकली तरी दुमडेल. भांड्याच्या फुगीर पाठीवर मात्र ती स्वतःच्याच वजनाने सगळीकडे सारखी बसते. मराठी म्हण पालथ्या घड्यावरच्या पाण्याला फुकट घालवते; मांड्याचं सगळं शास्त्र त्या पालथेपणावर उभं आहे. खान्देशात पुरणपोळी अजून खापरावर होते, नागपूरकडे लांबपोळी मडक्यावर. शहरात खापर नसेल तर गॅसवर लोखंडी कढई पालथी घालतात. पूर्वी मडक्याने जे केलं तेच आता कढई करते.

इथवर ही शहाणपणाची आणि काटकसरीची कहाणी आहे. पण साधन हाताशी का नव्हतं, हा प्रश्न तिच्यात आलेला नाही. तो विचारते मराठीतली सर्वांत प्रसिद्ध खापराची कथा.

ज्ञानेश्वरांची (१२७५–१२९६) भावंडं ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेली. मुक्ताबाई मांड्यांसाठी खापर आणायला निघते. विसोबा चाटी कुंभारांना दटावतो आणि तिला खापर मिळू देत नाही. ती रिकाम्या हाताने परतते. मग ज्ञानेश्वर योगबळाने जठराग्नी चेतवतात आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर ती मांडे भाजते. ही दंतकथा आहे. पण तिच्यातली अडवणूक गावगाड्याच्या ओळखीची आहे. कुंभार बलुतेदार, मडकी त्याच्याकडूनच यायची. ज्याला वाळीत टाकायचं त्याच्यावर हात उगारावा लागत नसे. कुंभाराने, न्हाव्याने, परटाने त्याचं काम थांबवलं की पुरे. गावातली सगळ्यात स्वस्त वस्तू अशा वेळी सगळ्यात दुर्मीळ होई. पुढे हाच विसोबा पश्चात्तापाने बदलतो आणि विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू होतो. कीर्तनात चमत्कार रंगतो, कुंभारवाड्यातून परतणारी मुलगी मागे पडते.

फुटक्या भांड्याचं एक तिसरं स्थान मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. चांडाळांनी फुटक्या भांड्यात जेवावं, त्यांना अन्न द्यायचं तेही फुटक्या भांड्यातूनच, असा तिथला दंडक. यज्ञात जी खापरी मंत्र म्हणून मांडायची, तीच इथे माणसाची पायरी दाखवण्यासाठी त्याच्यासमोर ठेवायची. वस्तू तीच. एकाने ती निवडली होती, दुसऱ्यावर लादली होती.

हा फरक आजच्या वाचकासाठी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात नोंदवला आहे. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधलं जेवण हा त्याचा विषय. तिथे मांस उन्हात वाळवून चान्या करतात. तेलातुपाची उणीव चरबी भरून काढते. वाचताना या युक्त्यांचं कौतुक वाटतं, आणि शीर्षकातला तो ‘अ’ कौतुकाला तिथेच थांबवतो. भूषण कोरगांवकर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०२४ साली हे पुस्तक मराठीबाहेर पोहोचलं.

‘जुगाड’ हा शब्द हल्ली भारतीय कल्पकतेचा दागिना म्हणून मिरवतो. कढई पालथी घालणाऱ्या गृहिणीला तो शोभतो. पण प्रत्येक अडलेल्या हाताला तो चिकटवला की अडवणारा हात दिसेनासा होतो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये, मुक्ताबाईनंतर सातशे वर्षांनी. घरोघरच्या अशा युक्त्या जरूर टिपाव्यात. मात्र प्रत्येक युक्तीसमोर एवढं लिहून ठेवावं, की खापर घरात नव्हतं, की कुणी मिळू दिलं नव्हतं.